उन्हाळ्यात परसबागेतले पक्षी (आणि बाकीची मंडळी) कशी बघायची: एक खुर्ची, एक थाळी पाणी आणि रोजची वीस मिनिटं

हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात म्हणून सगळे दुर्बिणी घेऊन बाहेर पडतात आणि ऊन तापायला लागलं की त्याच दुर्बिणी कपाटात जातात, हे मला कधीच पटलेलं नाही. पाहुणे गेले तरी घरची माणसं असतातच ना, आणि घरच्यांचा खरा संसार उन्हाळ्यातच चालतो. गाणं, जोडीदार शोधणं, काड्या गोळा करणं, अंडी, पिल्लांना भरवणं, भांडणं, सगळं याच दिवसांत, आणि तेही तुमच्या कुंडीतल्या झाडावर किंवा मागच्या कुंपणात. त्यासाठी कुठे जायची गरज नाही. मोठी बाग पण लागत नाही, चार कुंड्यांची बाल्कनी असली तरी यातलं निम्मं तरी दिसतं. लागतं ते एवढंच की रोज त्याच जागी, त्याच वेळेला, गप्प बसायचं. बाकी सगळं मी खाली सांगतेय ते या एका गोष्टीच्या आधारानेच चालतं.

तर आधी बसण्याचं बोलू. एक जागा ठरवा जिथून बागेतलं पाणी, एखादं दाट झुडूप आणि थोडी मोकळी माती असं तिन्ही दिसेल. पाठीमागे भिंत किंवा झाड असलं तर उत्तम कारण मग तुमची आकृती आभाळावर उठून दिसत नाही. खुर्ची एकदा ठेवली की हलवू नका, रात्रीसुद्धा तिथेच राहू दे, पक्ष्यांना ती खुर्ची बागेचा भाग वाटायला लागते आणि नंतर तुम्हीही. पहिल्या दिवशी तुम्ही बसलात की सगळे उडून जातील आणि दहा मिनिटं काहीच घडणार नाही, तिथेच बहुतेक लोक कंटाळून उठतात. उठायचं नाही. साधारण पंधराव्या मिनिटाच्या आसपास एखादी चिमणी किंवा साळुंकी परत येते, तिच्या मागून दुसरी, आणि मग बाग जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. आठवडाभर हेच केलंत तर ती पंधरा मिनिटं पाचवर येतात, हे मी स्वतः घड्याळ लावून बघितलंय. भडक रंगाचे कपडे नकोत, मोबाईल सायलेंट, आणि हात हलवायचा तर सावकाश. मान वळवण्यापेक्षा डोळे वळवा.

वेळ कुठली? सूर्य उगवल्यापासूनचे पहिले दोन तास सगळ्यात चांगले, मग संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीचा तासभर. पण दुपार अगदीच टाकू नका. दुपारी झाडं चिडीचूप असतात, पाण्याजवळ मात्र वर्दळ असते, आणि ज्यांना सकाळी ऑफिसची घाई असते त्यांनी सुट्टीच्या दिवशी दुपारी खिडकीच्या आत बसून फक्त पाण्याची थाळी बघितली तरी वेळ सार्थकी लागतो. फुलपाखरांना तर ऊन लागतंच, त्यामुळे नऊ-दहाच्या आधी ती शोधत बसू नका.

आता पाणी, कारण उन्हाळ्यात बागेत दुसरं काही केलं नाही तरी चालेल पण पाणी ठेवाच. आणि नीट ठेवा. मी सुरुवातीला स्टीलचं खोलगट भांडं ठेवलं होतं, काठोकाठ भरून, छान उन्हात, आणि आठ दिवस त्याला कोणी चोच लावली नाही तेव्हा मला वाटलं आमच्याकडे पक्षीच नाहीत. नंतर लक्षात आलं की दुपारी त्या भांड्याला माझाच हात लावता येत नव्हता. शिवाय गुळगुळीत काठावर त्यांची नखं टिकत नाहीत आणि खोल पाण्यात उतरायला छोटे पक्षी घाबरतात. म्हणून मातीची पसरट थाळी घ्या, आतून खरखरीत, पाणी मधोमध फार तर 4-5 सेंटिमीटर आणि कडेला त्याहून कमी, आणि मध्ये एक चपटा दगड पाण्याबाहेर डोकं काढून राहील असा. माती पाझरते, त्यामुळे पाणी गारही राहतं. थाळी सावलीत ठेवा. झुडपापासून दोन-तीन मीटर लांब असू दे, म्हणजे घाबरले तर पटकन झुडपात शिरता येईल पण मांजर झुडपातून एका उडीत थाळीपर्यंत पोचणार नाही. एक थाळी जमिनीवर आणि एक कमरेइतक्या उंचीवर ठेवलीत तर गिऱ्हाईक वेगवेगळं येतं.

पाणी रोज बदला. फक्त वरून भर घालू नका, ओतून टाका, घासणीने शेवाळं घासा, साबण नको, मग नवीन भरा. गरमीत डासाचं अंड्यापासून डासापर्यंत व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, रोज पाणी बदललं तर ती भीतीच राहत नाही. आणि कावळे येत असतील तर दिवसातून दोनदा बदलावं लागेल, कारण कावळा कोरडा तुकडा आणून पाण्यात भिजवून खातो आणि उरलेलं तिथेच सोडून जातो. रागावू नका त्याच्यावर, ते भिजवणं बघण्यासारखं असतं. मधमाश्याही पाण्याला येतात आणि बुडतात, त्यांच्यासाठी एका कोपऱ्यात बारके खडे घाला म्हणजे त्यांना ओल्या खड्यावर बसून पिता येईल.

थाळीजवळ काय बघायचं ते सांगते, कारण नुसतं "आला, प्यायला, गेला" एवढंच बघितलं तर आठवड्यात कंटाळा येईल. कोण कसं पितं ते बघा. चिमणी, बुलबुल, साळुंकी हे चोचीत घोट घेतात आणि मान वर करून तो गळ्याखाली उतरवतात, प्रत्येक घोटाला मान वर. होला किंवा पारवा आला की बघा, तो चोच पाण्यात बुडवतो आणि मान वर न करता सलग ओढून घेतो, आपण स्ट्रॉने पितो तसं. हे एकदा दिसलं की नंतर लांबूनही नुसत्या पिण्यावरून होला ओळखता येतो. अंघोळीचंही तसंच. साळुंक्या थाळीत अर्ध्या बुडून पंखांनी पाणी उडवतात आणि सगळी थाळी रिकामी करून जातात. चिमण्या पाण्याइतक्याच आवडीने मातीत लोळतात, कोरड्या भुसभुशीत मातीत छोटे खळगे करून, म्हणून बागेचा एक हातभर तुकडा मुद्दाम कोरडा आणि मोकळा ठेवा, तिथे काही लावू नका.

आणि शिंपी (पानं शिवून घरटं करणारा), शिंजीर (फुलांतला मध पिणारा) ही एवढीशी मंडळी थाळीकडे फारशी फिरकतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे, माझ्या सगळ्यात आवडीची. संध्याकाळी झाडांना पाणी घालताना रुंद पानांच्या एखाद्या झाडावर झारीने वरून पाणी शिंपडा आणि खुर्चीवर जाऊन बसा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शिंजीराची मादी होती, पोटाकडून पिवळसर, अंगठ्याएवढी. ती ओल्या पानावर उतरली, पानाच्या शिरेशी साचलेल्या पाण्यात आधी छाती टेकवली, मग पंख अर्धवट उघडून पानावरून घसरत खाली आली, खालच्या पानावर पुन्हा तेच, असं चार-पाच पानं करत अगदी खाली येईपर्यंत पिसं चिकटून ती निम्म्या आकाराची झाली होती. मग वर जाऊन काडीवर बसून दहा मिनिटं पिसं साफ. तेव्हापासून मी झाडांना पाणी घालायची वेळ बदललेली नाही.

उन्हाच्या तडाख्यात पक्षी चोच उघडी ठेवून धापा टाकताना दिसतात, पंख अंगापासून जरा लांब धरलेले असतात, ते बघून लोक घाबरतात. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला त्यांना हेच करावं लागतं. सावलीत बसून असं करत असेल तर त्याला तसंच राहू द्या. कधीकधी तर सातभाई (घोळक्याने फिरणारा मातकट पक्षी) किंवा दयाळ जमिनीवर पंख पसरून, पिसं विस्कटून, मान वाकडी करून भर उन्हात पडलेला दिसतो आणि आपण धावत जातो की मेला बिचारा. तो ऊन खात असतो. दोन मिनिटं थांबा, उठेल आणि अंग झटकून जाईल. पण पक्षी कडेला कलंडतोय, डोळे मिटतोय, जवळ गेलं तरी हलत नाहीये असं असेल तर हलक्या हाताने हवेशीर खोक्यात घालून सावलीत, शांत ठिकाणी ठेवा, तोंडात जबरदस्ती पाणी ओतू नका (ते श्वासनळीत जातं), आणि पक्ष्यांचं समजणाऱ्या डॉक्टरला किंवा वन्यजीव मदत केंद्राला फोन करा.

खाण्याचं मी थोडक्यात उरकते. ब्रेड, फरसाण, मिठाचं काहीही नको. धान्य ठेवायचंच असेल तर मूठभर, आणि संध्याकाळी उरलेलं उचला नाहीतर उंदीर येतात. पण खरं सांगू का, उन्हाळ्यात पक्ष्यांना तुमच्या धान्यापेक्षा तुमच्या बागेतले किडे जास्त हवे असतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या आणि किडेच भरवते. तेव्हा औषधं फवारणं बंद करा, वाळलेला पाचोळा झाडून जाळू नका, एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा, आणि बघा त्या ढिगात दिवसभर कोण कोण येऊन उलथापालथ करतं.

ओळखायचं कसं, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. माझं म्हणणं असं की नावाच्या मागे लगेच लागू नका. आधी आकार बघा, चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा, ही आपली मोजपट्टी. मग चोच, जाड की बारीक, सरळ की वाकडी. मग शेपटी, उभी धरतो का, सारखी हलवतो का. मग काय करतोय, जमिनीवर चालतो की टुणटुण उड्या मारतो (साळुंकी चालते, चिमणी उड्या मारते, बघा एकदा). रंग सगळ्यात शेवटी, कारण प्रकाशात रंग फसवतो. जांभळा शिंजीर सावलीत काळाकुट्ट दिसतो आणि त्याच्यावर ऊन पडलं की निळाजांभळा चमकतो, आणि विणीचा काळ संपला की त्याच नराचा तो झगमगाट जाऊन मादीसारखा रंग येतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ राहते. रंगावर विसंबलात तर एकाच पक्ष्याची तीन नावं लिहाल. शेपटीखाली लाल डाग आणि डोक्यावर काळी टोपी असेल तर तो लालबुड्या बुलबुल, शेपटी सतत उभी आणि अंग एवढंसं पण आवाज मोठ्ठा असेल तर शिंपी, काळा-पांढरा आणि पहाटे टीव्हीच्या अँटेनावर बसून लांब लांब शीळ घालणारा तो दयाळ. एवढ्या तिघांपासून सुरुवात करा.

दुर्बीण घ्यायचीच असेल तर 8x42 घ्या. 8 म्हणजे आठ पट जवळ, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, ते जितकं मोठं तितका उजेड जास्त. बागेसाठी बघायची गोष्ट अशी की ती दोन मीटरवरची वस्तू स्पष्ट दाखवते का, म्हणजे फुलपाखरंही बघता येतात. खूप मोठ्या झूमच्या मागे लागू नका, हात हलला की चित्र हलतं. दुर्बीण नसेल तरी काही अडत नाही.

कान मात्र लावाच, उन्हाळ्यात डोळ्यांपेक्षा कानांना जास्त मिळतं. कोकिळेचं तर सगळ्यांना माहीत, पण "कुहू" करतो तो नर, काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती गात नाही, "किक किक किक" असं घाईघाईत ओरडत झाडातून निसटते. ती ओरडली की आजूबाजूच्या कावळ्यांकडे बघा, कारण तिचं लक्ष त्यांच्या घरट्याकडे असतं, अंडं तिथेच घालायचं असतं. पावशा "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" करत सूर चढवत नेतो, त्याची मादी अंडी घालते सातभाईंच्या घरट्यात, तेव्हा पावशा ऐकू आला की महिनाभराने सातभाईंच्या घोळक्यात एखादं भलतंच दिसणारं पिल्लू अन्न मागत फिरतंय का ते शोधा. आणि दुपारच्या शांततेत तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखं "टुक टुक टुक" एका लयीत येत असेल तर तो तांबट. त्याला शोधताना डोकं फिरतं, कारण तो ओरडताना मान इकडे-तिकडे वळवतो आणि आवाज कधी इथून कधी तिथून आल्यासारखा वाटतो. वाळलेल्या फांद्यांच्या टोकांवर बघा, दिसला तर चोचीकडे लक्ष द्या, ती बंदच असते, गळा तेवढा फुगतो. तांबट घर करतो तेही वाळक्या किंवा किडक्या फांदीत भोक पाडूनच, म्हणून धोका नसेल तर झाडाची वाळकी फांदी तोडू नका.

आवाज ओळखायला मर्लिन नावाचं ॲप आहे, कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, फुकट आहे, मोबाईल धरला की ऐकून नाव सुचवतं. सुचवतं म्हणजे सुचवतंच, डोळ्याने बघून खात्री करा. एक विनंती, मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसलाय, आणि पिल्लांना भरवायच्या वेळात तो तुमच्या मोबाईलशी भांडत बसतो.

आता घरटी. याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

घरटं शोधायचं नसतं, ते आपोआप कळतं. चोचीत काडी, कापूस, कोळ्याचं जाळं घेऊन एकच पक्षी दोन-तीनदा एकाच दिशेला गेला की तिथे बांधकाम चालू आहे. चोचीत अळी धरून लगेच न गिळता इकडेतिकडे बघत बसला तर जवळ पिल्लं आहेत, आणि तो तुमच्यामुळे थांबलाय, तेव्हा तुम्ही मागे व्हायचं. हे दोन नियम पुरतात.

शिंप्याचं घरटं मी दीड-दोन मीटरवरून, खिडकीच्या जाळीआडून, पाच दिवस बघितलंय. मादीने एक मोठं पान निवडलं, जिवंत, हिरवं, त्याच्या दोन्ही कडांना चोचीने बारीक भोकं पाडली. मग कोळ्याच्या जाळ्याचा आणि कापसाचा धागा आणून एका भोकातून आत आणि समोरच्या कडेच्या भोकातून बाहेर, आणि बाहेर आलेलं टोक तिथेच फुलवून ठेवलं, म्हणजे ते मागे निसटत नाही. गाठ नाही. असे बरेच टाके झाल्यावर पानाचा द्रोण झाला आणि त्या द्रोणात तिने कापूस भरायला सुरुवात केली. सगळ्यात कमाल म्हणजे पान वाळलं नाही, हिरवंच राहिलं, बाहेरून बघणाऱ्याला तिथे काही आहे हे कळणारच नाही. पाच फुटांवरून रोज ये-जा करणाऱ्या घरच्यांना मी दाखवेपर्यंत कळलं नव्हतं.

शिंजीराचं लटकतं घरटं याच्या उलट दिसतं, कचरा अडकलाय असंच वाटतं, कोळ्याचं जाळं, सालींचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काय काय चिकटवलेलं असतं, आणि दाराच्या वर छोटासा छज्जा. मादी एकटीच बांधते, अंडीही तीच उबवते, नर पिल्लांना भरवायला हातभार लावतो. तेव्हा उन्हाळ्यात बागेत लोंबणारा "कचरा" काढायच्या आधी पाच मिनिटं बघा.

आणि उन्हाळ्यात कुंपण छाटू नका. हे मी कळकळीने सांगतेय कारण मी ते केलंय. मेंदीचं कुंपण वाढलं म्हणून एका सकाळी कात्रीने सरळ केलं, आणि अर्ध्यावर गेल्यावर बुलबुलाची जोडी डोक्यावर ओरडायला लागली. आत वाटीसारखं घरटं होतं, तीन अंडी, गुलाबीसर त्यावर तांबडे ठिपके. मी लगेच थांबले, कापलेल्या फांद्या परत वर टाकल्या, पण आडोसा गेला तो गेलाच, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कावळ्याने तिन्ही नेली. बुलबुल दोन दिवस त्या रिकाम्या वाटीपाशी येत होते. तेव्हापासून छाटणी पिल्लं उडून गेल्यावरच. बुलबुलाची अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि नंतर पिल्लं बाहेर पडायला आणखी दीड-दोन आठवडे, म्हणजे महिनाभर कळ काढायची, एवढंच.

त्याच कारणासाठी घरट्याचे फोटो काढायला पानं बाजूला करू नका, फांदी वाकवू नका, रोज जवळ जाऊन डोकावू नका. कावळे आणि मांजरं आपल्याकडे बघत असतात, आपण जिथे वारंवार जातो तिथे तेही जाऊन बघतात. फोटो हवा असेल तर पाण्याच्या थाळीसमोर मोबाईल स्टँडवर लावा, व्हिडिओ चालू करून आत जा, पंधरा मिनिटांनी बघा. घरट्यापेक्षा तिथले फोटो चांगले येतात आणि कोणाला त्रास नाही.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर? अंगावर पिसं आहेत, उड्या मारतंय, शेपटी आखूड आहे, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच असतात, तुम्ही उभे आहात म्हणून येत नाहीत. कुत्रा-मांजर आत ठेवा, फार तर त्याला उचलून जवळच्या झुडपात ठेवा आणि लांब जा. पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही हे लहानपणापासून ऐकलेलं असतं पण ते खरं नाही, पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. घरी आणून दूध-पाव भरवणं हा मात्र त्याला मारायचाच मार्ग आहे.

खिडकीच्या काचेवर पक्षी आपटत असतील तर काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या लावा, दोन ठिपक्यांत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. एकच मोठं गरुडाचं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी बाजूच्या मोकळ्या काचेत दिसणाऱ्या झाडाकडे जातातच.

पक्ष्यांच्या नादात बाकीच्यांना विसरू नका, आणि खरं तर बाकीचेच तुम्हाला पक्षी दाखवतात. खार शेपटी झटकत एका लयीत "चिप चिप चिप" करत राहिली, सातभाई सगळे एकत्र जमून कलकलाट करायला लागले, बुलबुलही त्यात सामील झाले, की समजायचं तिथे मांजर, घुबड किंवा साप आहे. ते ज्या जागेकडे तोंड करून ओरडतायत तिकडे लांबूनच दुर्बिणीने बघा. साप असेल तर दगड मारू नका, त्याच्यावर लक्ष ठेवून दूर उभे राहा, बहुतेक वेळा तो स्वतःच निघून जातो, नाही गेला तर सर्पमित्राला बोलवा. बिनविषारी आहे असं वाटलं तरी हात लावायचा नाही.

सरडा उन्हाळ्यात बघण्यासारखा असतो. नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, तो भिंतीवर किंवा खोडावर उंच जागी बसून पुढच्या पायांवर जोर काढल्यासारखा वर-खाली होतो, ते दुसऱ्या नराला "ही जागा माझी" सांगणं असतं. मादी ओलसर भुसभुशीत मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि माती परत लोटून थोपटून इतकी सारखी करते की दहा मिनिटांनी तुम्हाला जागा सापडणार नाही. असं दिसलं तर तिथे एक काडी रोवून ठेवा आणि ती जागा खणू नका, साधारण सहा-सात आठवड्यांनी करंगळीएवढे सरडे बाहेर येतात.

लिंबाचं झाड असेल, कुंडीतलं का असेना, तर पानांवर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसेल, काळपट-पांढरं. बोटाने उडवून टाकू नका, ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी आहे, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तशी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि तिला हलकेच काडी लावली की डोक्यामागून नारिंगी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार पानं खाईल, झाड मरत नाही. गुलाबाच्या पानांच्या कडेला कंपासने काढल्यासारखे गोल तुकडे कापलेले दिसले तर तो रोग नाही, पान कापणारी मधमाशी आहे, ती ते तुकडे नेऊन बारीक नळीसारख्या जागेत पिल्लांची घरं करते, पोकळ काड्यांची एक जुडी आडवी बांधून ठेवलीत तर कदाचित तिथेच येईल. भिंतीवर मातीचं घर बांधणारी कुंभारीण (एक प्रकारची गांधीलमाशी) असते, ती सुन्न केलेले कोळी किंवा अळ्या आत कोंबून मग दार लिंपते, तिच्याकडे तासभर बघत बसलं तरी ती तुमच्याकडे लक्ष देत नाही, फक्त तिच्या घराला हात लावू नका.

रात्री एकदा तरी बसा. पांढरी चादर दोरीवर टाकून समोर दिवा लावला की पतंग येऊन बसतात, अर्धा तास बघा आणि दिवा बंद करा, रात्रभर चालू ठेवू नका. पिंगळ्याचा (छोट्या घुबडाचा) चिरका आवाज, फळ खाणाऱ्या वटवाघळांची झाडातली झटापट, भिंतीवरच्या पालीची शिकार, सगळं त्या अर्ध्या तासात होऊन जातं.

वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन किती, कोण, काय करत होता, कुठल्या झाडावर, बस. नाव माहीत नसेल तर "चिमणीएवढा, पाठ हिरवट, शेपटी उभी" असं लिहा, नाव नंतर भरता येतं. ज्यांना ही माहिती इतरांच्याही उपयोगी पडावी असं वाटतं त्यांनी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर यादी टाकावी, ते 2002 पासून चालू आहे आणि परसबागेतल्या पंधरा मिनिटांच्या यादीलाही तिथे जागा आहे. किडे, सरडे, फुलपाखरं यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट आहे, तिथे फोटो टाकला की जाणकार लोक नाव सांगतात.

आणि पहिला पाऊस पडेल त्या संध्याकाळी काहीही काम असलं तरी खुर्चीवर जाऊन बसा. ओल्या मातीतून पंखवाली वाळवी बाहेर पडते आणि मग बागेत एरवी एकमेकांना जवळ न येऊ देणारे सगळे एकाच ठिकाणी जमतात, कावळे, साळुंक्या, बुलबुल, दयाळ, सरडे, पाली, आणि इतके दिवस थाळीच्या खाली गार ओलीत लपलेला बेडूकही बाहेर येऊन बसतो. बाहेरचा दिवा मात्र तेव्हा बंद ठेवा, नाहीतर सगळी वाळवी दिव्याकडे घरात येईल. आणि दुसऱ्या दिवशी थाळी घासायला उचलाल तेव्हा आधी एक कड उचलून खाली बघा, बेडूक परत तिथेच गेलेला असतो.